पारव्या रंगाशी दोन हात

ज्या गावात जूनपासून गणपती उठेपर्यंत आभाळच निळसर करडं असतं, त्या गावातला माणूस रोख पैसे मोजून तोच रंग घरात लावून घेतो, याचं मला आधी नवल वाटलं, मग हसू आलं आणि आता धास्ती वाटते. साताऱ्यात कुठलंही नवं घर बघायला जा. शाहूपुरी घ्या, गोडोली घ्या, करंजे घ्या. दार उघडलं की सोफ्यामागची भिंत निळसर करडी. यजमान दोन पावलं मागं सरून आपल्या चेहऱ्याकडं बघत उभे. आपण ‘वा!’ म्हणायचं. मग ते म्हणणार, ‘‘कसं कूल वाटतं ना?’’ बाहेर आडवा पाऊस, अंगात स्वेटर, पायात मोजे, दारात चार ओल्या छत्र्या उघड्या पडलेल्या आणि यजमानांना आनंद कशाचा, तर घरात गार वाटतं याचा.

गार वाटावं ही साताऱ्याची गरज कधीच नव्हती. ती जतची असेल, आटपाडीची असेल. आमच्या डोक्यावर महाबळेश्वर बसलेलं, जिथं वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याचा उरलासुरला ओलावा आमच्या गाद्यांत येऊन मुक्काम करतो. पण फॅशन पर्जन्यमान बघून येत नाही. ती फोनमधून येते. फोनमधल्या त्या घरात भिंत निळसर करडी असते, सोफा पांढरा असतो, टेबलावर एक पुस्तक आणि एक लिंबू असतं, आणि माणूस एकही नसतो. तसं घर आपलंही दिसावं असं वाटलं, तर पहिली अडचण माणसांचीच येते.

शेडकार्डावर या रंगाची भावंडं ओळीनं मांडलेली असतात. नावं सगळी परदेशी धुक्याची, वादळाची, बंदरांची. यवतेश्वराच्या घाटात गाडीच्या काचेला नाक लावून बसणारं धुकं, ठोसेघरच्या दरीतून वर येणारी वाफ, कासच्या तलावावरचं संध्याकाळचं आभाळ, यांच्या नावाचा एकही डबा नाही. आमच्या पेंटरमामांना ती नावं उच्चारायची गरजच पडली नाही. शेडकार्ड लांब धरून, डोळे बारीक करून ते म्हणाले, ‘‘वहिनी, ह्यो पारवा. ह्यात निळा जास्त पडला की झेडपीची शाळा दिसती. काळा जास्त पडला की गिलावा केलाय आन् रंगाचं पैसं संपलं असं वाटतंय. मधला गावला पाह्यजे. मंग पैशाचा दिसतो.’’

एवढ्या थोडक्यात ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितलेली नाही. यात इंटिरियर डिझायनरही धरले.

तसा निळा रंग आपल्या भिंतींना काही काल-परवा लागलेला नाही. दिवाळीच्या आधी चुन्याची कळी पाण्यात टाकायची, ती फसफसून रटरटायला लागली की पोरांना लांब पिटाळायचं, निवल्यावर गाळायची, त्यात थोडा डिंक आणि फडक्यात बांधलेल्या निळीची पुरचुंडी फिरवायची. पांढऱ्याला कालांतरानं पिवळी छटा येते आणि निळा पिवळ्याला मारतो. धोतराला नीळ द्यायची त्यात जो हिशेब, तोच भिंतीला. फक्त धोतराची नीळ आजी देत असे आणि भिंतीची नीळ सुट्टीला आलेला मामा. त्यामुळं धोतर पांढरं व्हायचं आणि घर निळं. जास्त झालेली नीळ परत काढता येत नाही, म्हणून मग ‘मुद्दामच जरा आसमानी ठेवलाय’ असं शेजारी सांगायचं. आळीतली निम्मी आसमानी घरं अशी जन्माला आली, असा माझा दाट संशय आहे.

पुढं डिस्टेंपर आला. पोपटी, पिस्ता, गुलाबी, अबोली. एका घरात चार खोल्या असतील तर चार रंग, आणि पाचवा रंग स्वयंपाकघरात धुरानं आपणहून दिलेला. पाकिटावर, डब्यावर, दुकानाच्या पाटीवर तो ब्रश घेतलेला खोडकर गट्टू. एशियन पेंट्ससाठी १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला. त्या पोराच्या कपाळावरची बट बघून घर रंगवणं ही मजेची गोष्ट आहे असं वाटायचं. आता जाहिरातीतली माणसं भिंतीकडं बघून विचारात पडलेली असतात.

या सगळ्या काळात करडा रंग घरात नव्हता. करडा रंग सरकारी होता. तिजोरीचा, फायलींच्या कपाटाचा, कचेरीतल्या टेबलाच्या पायांचा. आमचे एक काका जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले. आमचा हॉल रंगवून झाल्यावर ते पहिल्यांदा आले, उंबऱ्यात थबकले, भिंतीकडं एकवार बघितलं आणि खिशातलं पेन बाहेर काढलं. मग स्वतःच ओशाळून परत ठेवलं. चहा येईपर्यंत मात्र ते ‘साहेब कधी येणारेत’ असल्या चेहऱ्यानं खुर्चीच्या कडेवर बसून होते.

रंग ठरवला आमच्या हिनं. ती सांगलीची. सांगलीची माणसं निर्णय घेतात आणि साताऱ्याची माणसं त्या निर्णयामागचा इतिहास सांगतात, असं ती म्हणते. आईनं पहिल्याच दिवशी हरकत घेतली. ‘‘अगं, राखेचा रंग तो. लक्ष्मी यायची ती दारातनं बघून परत जाईल. तिला वाटेल इथं सुतक आहे.’’

‘‘आई, राखाडी नाही, निळसर आहे.’’

‘‘मग निळाच लावा की उघडउघड. असा अर्धवट कशाला?’’

आईचा मुद्दा बिनतोड होता. पण घरातल्या बिनतोड मुद्द्यांचा निकालाशी फारसा संबंध नसतो. शेवटी वाटाघाटी झाल्या. देवघर पिवळं राहील. स्वयंपाकघराला कुणी हात लावणार नाही. आईच्या खोलीत आहे तोच मोतिया रंग नव्यानं मारला जाईल आणि तिथली घड्याळाची जागा बदलणार नाही. हॉल आणि आमची खोली पारव्याच्या ताब्यात. १८१९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांशी तह केला, त्यानंतर साताऱ्यात इतक्या काटेकोर कलमांचा तह झाला नसावा. त्या तहासारखंच यातही, सही कुणाची आणि सत्ता कुणाची, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

रंगाच्या दुकानात पूर्वी रंग असायचे. आता सगळे डबे पांढरे असतात आणि कोपऱ्यात एक यंत्र असतं. आपण नंबर सांगायचा. पोरगा तो कॉम्प्युटरवर ठोकतो, बेसचा डबा यंत्राखाली सरकवतो आणि वरून बारीक धारा पडतात. काळ्याची एक, निळ्याची एक, आणि कधी कधी चक्क लालसर एक. झाकण लावून डबा दुसऱ्या यंत्रात घातला की ते त्याला गदागदा हलवतं. त्या वीस लिटरच्या डब्यात काळ्याचा वाटा किती, तर फार थोडा. पण तो थोडा इकडं-तिकडं झाला की पेंटरमामांची झेडपी शाळा किंवा अर्धवट गिलावा, दोन्हींपैकी एक हजर. आपल्याच जिल्ह्यात, खंडाळ्याला, एशियन पेंट्सचा भलाथोरला कारखाना २०१३ पासून चालू आहे. सुरुवातीचीच क्षमता वर्षाला तीन लाख किलोलिटर. एक किलोलिटर म्हणजे हजार लिटर. एक लिटरमध्ये दोन हात मारून साधारण सव्वाशे चौरस फूट भिंत होते. पुढचा गुणाकार मी एकदा दुकानात उभ्या उभ्या करायला घेतला होता. हिनं कोपरानं ढोसलं, म्हणून महाराष्ट्राचा किती भाग पारवा होऊ शकतो हे कळायचं राहिलं.

शेडकार्डावरचा रंग आणि भिंतीवरचा रंग यांचा संबंध स्थळ सुचवणाऱ्या मावशींनी वर्णन केलेल्या मुलाचा प्रत्यक्ष मुलाशी असतो तेवढाच. खोट काही नसते, फक्त उजेड बदललेला असतो. दुकानात वर पांढऱ्याधोप ट्यूबा. आमच्या हॉलची खिडकी उत्तरेला. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट फारसं येत नाही, येतो तो बहुतेक आभाळाचा उजेड, आणि तो मुळातच निळसर. त्यामुळं सकाळी आमची भिंत निळी. दुपारी ढग दाटले की करडी. संध्याकाळी पिवळा दिवा लावला की शेवाळी, आणि रात्री ट्यूब लावली की पुन्हा निळी, पण सकाळपेक्षा वेगळी. एका रंगाच्या पैशात चार रंग मिळाले म्हणून मी समाधान मानायला तयार होतो. ही मात्र दर वेळी वेगळ्या भिंतीसमोर उभी राहून म्हणे, ‘‘आपण हा कुठं घेतला होता?’’

दिव्यांच्या खोक्यावर एक आकडा छापलेला असतो. ६५०० केल्विन म्हणजे पांढरा-निळसर उजेड, ३००० म्हणजे पिवळसर. गंमत म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड थंड दिसतो. हे मी घरात समजावून सांगायला गेलो, तेव्हा आईनं मला दूध पिऊन झोपायला सांगितलं. पण हा आकडा पारव्या भिंतीच्या घरात फार महत्त्वाचा. ६५००च्या ट्यूबखाली या भिंतीपुढं कुणीही बसवा, माणूस नुकताच तापातून उठल्यासारखा दिसतो. आमच्या शेजारी मुलगी दाखवायचा कार्यक्रम होता. त्यांचाही हॉल पारवा. पाहुणे यायच्या आधी मुलीची आई स्टुलावर चढून सगळे दिवे बदलत होती. पिवळ्या दिव्यांत मुलगी छान दिसली, पोहे छान दिसले, मुलगाही बरा दिसला. लग्न जमलं. आता तिकडचा हॉल कुठल्या रंगाचा आहे याची चौकशी मुलीच्या आईनं आधीच केली होती म्हणे. क्रीम निघाला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

साताऱ्याच्या पावसात या रंगाचा एक गुण मात्र मानावा लागेल. पश्चिमेच्या भिंतीला आमच्याकडं ओल येते. येतेच. त्यावर जगातली कुठलीही पुट्टी फक्त एखादा पावसाळा टिकते. क्रीम रंगावर त्या ओलीचे काळपट ढग उठले की घराची अब्रू जायची. पारव्यावर तेच ढग उठले तर पाहुणे जवळ जाऊन, मान तिरकी करून बघतात. मागच्या आषाढात एक ओळखीचं जोडपं आलं. बाई म्हणाल्या, ‘‘हे टेक्स्चर कुठल्या माणसाकडनं करून घेतलंत?’’ ही गप्प. मी गप्प. नेमके पेंटरमामा उरलेले पैसे न्यायला आले होते. त्यांना आपल्या धंद्यातला खोटेपणा सोसवेना. ‘‘टेक्स्चर न्हाई वो बाई, वल हाय ती.’’ बाईंनी भिंतीवरचं बोट काढून पदराला पुसलं. तरी जाताना त्यांनी फोटो काढलाच.

या रंगावरचं सगळ्यात जाणकार मत दिलं ते आमच्या मामेसासऱ्यांनी. ते तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात ज्या तालुक्यात तयार झाली तिथले, त्यामुळं फळ, पान आणि मुळी यांच्याशिवाय जगातल्या तिसऱ्या गोष्टीवर त्यांचा फारसा विश्वास नाही. घरात आले, टोपी काढली, भिंतीजवळ गेले. बोटानं भिंत घासली. बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडं वळून अतिशय काळजीनं विचारलं, ‘‘जावईबापू, बोर्डो मारलाय?’’

ज्यांनी द्राक्षबाग बघितली नाही त्यांना यातली खोली कळणार नाही. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे. त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. जमलं की दुधट निळा रंग येतो, आणि तो पानावर वाळला की बरोबर आमच्या हॉलचा रंग. वेलीवर डाऊनी रोग येऊ नये म्हणून फवारायचा. पण तो नुसत्या पानावर थोडाच बसतो? मांडवाच्या तारांवर, अँगलवर, ट्रॅक्टरच्या टपावर, फवारणाऱ्याच्या शर्टावर, शेडच्या भिंतीवर, शेडबाहेर बांधलेल्या म्हशीच्या एका बाजूवर, सगळीकडं तोच. मामेसासऱ्यांच्या शेडची आतली भिंत गेल्या पिढीपासून पारवी आहे. त्यासाठी त्यांनी कधी शेडकार्ड मागवलं नाही.

‘‘तुम्ही ह्याला पैसं दिलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘मजुरी बी?’’

‘‘हो.’’

त्यांनी टोपी परत घातली. त्यानंतर जेवणावर लक्ष दिलं.

मला त्या बोर्डोचा नाद लागला. हे मिश्रण आलं फ्रान्सातल्या बोर्दो भागातून. तिथं रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून न्यायचे. म्हणून बागवाल्यांनी कडेच्या ओळींवर चुना आणि मोरचूद शिंपडायला सुरुवात केली. रंग असा विषारी दिसावा की चोराची भूक मेली पाहिजे. १८८२च्या सुमाराला मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं की आतल्या वेली डाऊनीनं गेल्यात आणि कडेच्या मात्र हिरव्यागार आहेत. त्यानं प्रयोग करून १८८५ साली ते जाहीर केलं आणि जगभरच्या द्राक्षांचा जीव वाचला. रोग जायचा तो गेला, पण मूळ हेतू ध्यानात ठेवा. हा रंग मुळात लोकांनी जवळ येऊन काही खाऊ नये म्हणून लावलेला होता. आम्ही तो दिवाणखान्यात लावला आणि समोर चिवड्याची वाटी ठेवली. पाहुणे हल्ली लवकर उठतात, हे माझ्या ध्यानात आलं आहे. आईला वाटतं लक्ष्मीच्या बाबतीतही तेच होत असणार.

एवढं सगळं झाल्यावर हा रंग सांगलीला पोचायचा राहतो काय? मेव्हण्यानं आमचा हॉल बघितला आणि दिवाळीच्या आत सासुरवाडीचाही रंगवून टाकला. सासरेबुवांनी मला फोन केला. ‘‘जावईबापू, तुमच्या साताऱ्याची थंडी तुम्ही आमच्याकडं पाठवलीत.’’

सातारा आणि सांगली यांचं भांडण जुनं आहे आणि आमच्या घरात ते रोजचं आहे. सासरेबुवा सांगलीचा मोठेपणा १८४३ पासून सुरू करतात. विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीत लावलं आणि मराठी नाटक सुरू झालं. त्या वेळी तुमच्या साताऱ्यात काय चाललं होतं, हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. मी त्यांना १ ऑगस्ट १९४९ दाखवतो. त्या दिवशी हा जिल्हा झाला तेव्हा त्याचं नाव होतं दक्षिण सातारा. सांगली हे नाव जिल्ह्याला नोव्हेंबर १९६०मध्ये मिळालं. ‘‘म्हणजे तुम्ही दक्षिण सातारचेच,’’ मी म्हणतो. त्यावर ते भडंगाची वाटी माझ्यापुढून हळूच आपल्याकडं ओढतात.

पण रंगाच्या बाबतीत सांगलीचा कौल वेगळा पडला, आणि तो मला जास्त पटतो. एकतर तिथं एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. तिथल्या माणसानं भिंतीकडून गारव्याची अपेक्षा केली तर ती समजण्यासारखी आहे. आतल्या भिंतीच्या रंगानं खोलीचं तापमान काडीचंही उतरत नाही हा भाग वेगळा. मेव्हणा म्हणतो, पंखा आता एक नंबर कमी लागतो. सासरेबुवा म्हणतात, ‘‘लाईट बिल आण, मग बोलू.’’

दुसरं म्हणजे हळद. सासरेबुवांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत गेलं. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी घरी पेढे वाटले आणि पेढ्यांवरही त्यांच्या बोटांचा पिवळा ठसा उमटला. यार्डात पोतं आपटलं की हळदीचा धुरळा उठतो, आणि तो सदऱ्याच्या शिवणीत, कानामागं, चष्म्याच्या काडीत बसून घरी येतो. जिथं ते टेकतील तिथं भिंतीवर पिवळा डाग. जुन्या चुन्याच्या भिंतीवर याची वेगळीच तऱ्हा होती. चुना लागला की हळद लाल होते. कुंकू करायची जुनी रीत तीच. त्यामुळं सासूबाईंच्या लग्नाच्या वेळी म्हणे त्या घराच्या भिंतीवर सासरेबुवांच्या वडिलांच्या पाठीच्या उंचीला तांबूस पट्टा होता आणि नव्या सुनेला वाटलं, सासरचे लोक किती भाविक, भिंतीलासुद्धा कुंकू लावतात.

आताच्या पारव्या इमल्शनवर हळद पिवळीच राहते आणि निळसर करड्यावर पिवळा डाग असा उठून दिसतो की डिझायनरनं मुद्दाम टाकला म्हणावा. ज्या भिंतीवर ऊन येतं तिथला डाग आपोआप फिका होतो, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. सासरेबुवांनी हे ओळखून आपली टेकायची जागा पूर्वेच्या खिडकीजवळ नेली आहे. सकाळी डाग पाडायचा, पुढची कामगिरी उन्हावर सोपवायची. सासूबाईंना वाटतं, त्यांना आता वयानुसार कोवळं ऊन आवडायला लागलं.

आणि तिसरं, मुख्य कारण. सासुरवाडी गावभागात आहे, कृष्णेच्या जवळ. त्या घरात उंची फुटांत मोजत नाहीत, सालात मोजतात. ‘‘तो खिळा जरा २०१९च्या वर ठोक.’’ ‘‘टीव्हीचं बटण २००५च्या खाली आलं, ते वर घ्या.’’ १९२९ साली झालेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघायची, चाळीस फुटांना सामान बांधायला लागायचं, पंचेचाळिसाला म्हणजे धोक्याच्या पातळीला माळ्यावर चढवायचं, ही तिथली घराघरातली शिस्त. २०१९च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि शिस्तीचा काही उपयोग राहिला नाही. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ राहिली ती मी बघितली आहे. वर क्रीम रंग, खाली चिकणमातीचा गुळगुळीत थर, आणि मध्ये कुणीतरी ओळंबा लावून मारल्यासारखी सरळ कड. कॅलेंडरचा खालचा अर्धा भाग लगदा होऊन भिंतीलाच चिकटलेला. वरचा गणपती मात्र कोरडा आणि ठणठणीत.

रंगकाम काढलं तेव्हा मेव्हण्यानं कलात्मक कारणं दिली. सासरेबुवांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘पाणी येऊन गेल्यावर ह्या रंगावर रेघ किती दिसेल?’’ पेंटर म्हणाला, ‘‘कमी दिसंल काका. गाळ वाळला की जवळपास असाच हुतोय.’’ सासरेबुवांनी तिथल्या तिथं हो म्हटलं. रंग निवडायचं इतकं रोखठोक कारण मी फोनवरच्या कुठल्याही व्हिडिओत ऐकलेलं नाही. तरी दाराच्या बाजूला एक वीतभर पट्टा त्यांनी रंगवू दिला नाही. तिथं जुना क्रीम रंग, ती कड आणि पेन्सिलीनं लिहिलेली तारीख तशीच आहे. वॉटर प्युरिफायर विकायला आलेल्या पोराला ते आधी तो पट्टा दाखवतात आणि म्हणतात, ‘‘पाणी आमच्याकडं आपणहून येतं बाबा.’’

पुराचा विषय निघाला की आमचं भांडण पुन्हा साताऱ्यावर येतं. सासरेबुवा म्हणतात, कोयना सातारा जिल्ह्यात. धरण भरलं की दरवाजे तुम्ही उघडणार, कराडला प्रीतिसंगमावर ते पाणी कृष्णेला देणार, आणि ती आमच्या हॉलात येणार. मी म्हणतो, कोयना काय मी सोडतो? ते म्हणतात, ‘‘तुमच्या बाजूचं पाणी, तुमच्या बाजूचा रंग. दोन्ही घरात घ्यायचे आम्हीच.’’ मग मेव्हणा अलमट्टी काढतो. कर्नाटकानं त्या धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ केली तर काय होईल, यावर तो जेवण होईपर्यंत बोलू शकतो. एकदा का विषय अलमट्टीला पोचला की सातारा निर्दोष सुटतो, म्हणून मीच हळूच तिकडं वळवून देतो.

परवा मेव्हण्यानं फोनमधला नवा फोटो दाखवला. पारवा आता मागं पडला म्हणे. पुढं मातीचा रंग येतोय. गढूळ, तांबूस करडा, हातानं लिंपल्यासारखा, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला. एक माणूस इटलीतून शिकून आलाय, तो पुण्याहून येऊन करून देतो. सासरेबुवांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो बराच वेळ बघितला.

‘‘चौरस फुटाला किती घेतो?’’

मेव्हण्यानं आकडा सांगितला.

‘‘सांग त्याला,’’ सासरेबुवा फोन परत देत म्हणाले, ‘‘२०१९ला कृष्णेनं अख्ख्या गावभागाला हाच रंग एका रात्रीत लावून दिला होता. प्रायमरसकट. आणि चहासुद्धा मागितला नाही.’’

मेव्हण्यानं फोन खिशात घातला. सासूबाई आतून म्हणाल्या की पुढच्या वेळी पोपटीच लावा, आणि कुणी काही बोललं नाही म्हणजे ते ठरलं, असं त्यांनी धरून चालायला सुरुवातसुद्धा केली आहे.